फोटॉनला वजन न्हाई, आई

न्हाई न्हाई, उठू नका मावशी, बसा. मी बाकड्यावर जागा मागाय आलो न्हाई. तुमचा नंबर मागाय आलोय — व्हय, नंबरच. हिंदुरावकाकांचा पाच-वीसचा हाय न्हवं? बोर्डावर बघून आलो मी. आमचा सहा-वीसचा. आतल्या टेक्निशियनला इचारलं तर त्यो म्हणला, सर, तुमचं तुमी आपसात ठरवा, मला कुणालाबी आधी घेतलं तरी सारखंच. म्हणून आलो. तुमची तासगावची गाडी चुकंल, ते म्हाईत हाय मला. सहाची गेली की मग साडेसात. काकांना ह्या थंडीत स्टँडावर बसवून ठेवायचं म्हंजे — व्हय, व्हय, कळतंय की. मी कशाला जबरदस्ती करू? पर ऐकून तरी घ्या, मग न्हाई म्हणा. आईला नर्स आत घेऊन गेलीय, आज वजनाचा वार. ती यायच्या आत सांगतो.

मी भरतेश. चंदनबालाबाईंचा थोरला. वीस दिवस झालं तुमी अन् ती ह्याच बाकड्यावर बसताय, मी आपला बाहेर पार्किंगमध्ये कुणाच्यातरी गाडीच्या टपावर पेपर ठेवून तपासत उभा, म्हणून तोंडओळख न्हाई. बारावीचं पेपर. आष्ट्याच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो मी, एकोणीस वर्षं झाली. म्हंजे आपलं हे — वीज, प्रकाश, अणू. लय काय न्हाई. तेच तेच फळ्यावर लिहायचं, तेच पुसायचं.

तर आमच्या आईचा एक नियम हाय. आमी जैन, रातीचं जेवत न्हाई, ते तुमच्याकडंबी ठाऊक आसंल. पर आईचं त्याच्या पुढचं. आमचं वडील, आण्णा, गेलं त्या वर्षी गावात महाराजांचा चातुर्मास होता, बाकीच्या बायकांनी नियम घेतला — दिवस मावळल्यावर अन्न न्हाई, पाणी न्हाई. आमच्या आईनं घेतला, दिवस मावळल्यावर अंगात काहीच घालणार न्हाई. काहीच! मला वाटलं, काय फरक पडतोय? पडला की. दोन वर्षांमागं न्यूमोनिया झाला, अंगात ताप एकशेतीन, डॉक्टर सांजच्याला सलाईन घेऊन घरी आला, तर ही भिंतीला टेकून बसली ती हात पदराखाली धरून. मी ओरडलो, ब्राह्मी — माझी बायको — ती रडली, डॉक्टर चिडून निघून गेला. सकाळी सूर्य वर आला, तवा हात पुढं केला अन् म्हणली, आता टोच. आसली बाई ती. हट्टी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, मी सगळं म्हणून बसलोय.

मग हे निघालं. छातीचं. ऑपरेशन झालं, औषधं झाली, आता हे शेकायचं — पंचवीस दिवस. अन् आमाला नंबर मिळाला सहा-वीसचा. ह्या दिवसांत सूर्य सहालाच मावळतोय. पहिल्याच दिवशी हितं दारातच तिनं इचारलं, भरतेश, ह्या मशिनीतनं काय येतंय? म्हणलं, किरणं. ती अंगात जात्यात? आता काय सांगू? म्हणलं, आई, ह्याला फोटॉन म्हणत्यात. उजेडाचा कण. त्याला वजन न्हाई. ज्याला वजन हाय तेच अंगात जातं — पाणी, औषध, भाकरी. ह्याला वजनच न्हाई तर त्ये जाणार काय अन् ऱ्हाणार काय?

तुमाला सांगतो मावशी, ती अडाणी न्हाई. बस्तीतल्या, म्हंजे आमच्या जैन देवळातल्या पाठशाळेत शिकलेली. ती म्हणली, उजेडबी पुद्गलच की, सावलीबी पुद्गल. पुद्गल म्हंजे हे आपलं — माती, दगड, ज्याचं ज्याचं जग झालंय ते. म्हणली, आमाला तसंच शिकवलंय. मी म्हणलं, तुमचं ते येगळं, आमचं हे येगळं. मग म्हणली, तुझ्या पुस्तकात लिवलंय का तसं? दाव. आता माझ्या पिशवीत बारावीचं पुस्तक हायच. काढलं. फोटॉनचे स्थिर वस्तुमान शून्य. तिनं चष्मा लावून बोट ठेवून वाचलं. हात ठेव म्हणली पुस्तकावर, अन् सांग. मी ठेवला हात. हितंच, ह्याच व्हरांड्यात, माणसं जातायत येतायत, अन् मी एकोणीस वर्षं नोकरी झालेला मास्तर, फिजिक्सच्या पुस्तकावर हात ठेवून आईला शपथेवर सांगतोय, फोटॉनला वजन न्हाई. तिनं ते पुस्तक कपाळाला लावलं, मला परत दिलं, म्हणली, बरं, तू शिकलेला हाईस. अन् गेली आत.

खोटं हाय का ते? न्हाई हो, खोटं न्हाई! अक्षर न् अक्षर खरं हाय. वस्तुमान शून्यच. त्येला एका जागी थांबवून तराजूत घालताच येत न्हाई, त्यो थांबतच न्हाई कवा. थांबला की संपला. पर वजन न्हाई म्हंजे काय करत न्हाई, आसं कुठं हाय? जोर असतोय त्यात. आत जाऊन धडका देतोय. वर्गात पोरं म्हणत्यात, सर, वजन न्हाई म्हंजे कायच न्हाई. मी त्यांच्यावर खेकसतो. वस्तुमान येगळं, वजन येगळं, अन् असणं त्याहून येगळं, गाढवांनो! मार्क कापतो मी त्याचं. अन् आईला तेच चुकीचं उत्तर खपवलं. बाराव्या दिवशी तिची कातडी काळी पडली. पाणी लागलं तरी आग व्हायची. ब्राह्मी खोबरेल लावायला गेली तर हितल्या लोकांनी मना केलेलं. आई म्हणली, वजन न्हाई म्हणतोस, मग ह्ये भाजलं कशानं रं? मी म्हणलं, ती उष्णता. तर म्हणली, शिवीलाबी वजन नसतंय, पर लागती. अन् हसली. मीबी हसलो. काय करणार?

काय म्हणता? आधीच येळ बदलून का घेतली न्हाई?

घ्यायची होती. मिळत नव्हती. म्हंजे — आवं, मिळत होती. आता तुमच्यापाशी काय लपवू, तुमी कुठं अन् आमी कुठं, पाच दिवसांनी तोंडबी बघणार न्हाई एकमेकांचं. पहिल्या दिवशी त्या खिडकीवरच्या बाईनं इचारलं होतं, सकाळचा नऊचा हाय अन् संध्याकाळचा सहा-वीसचा हाय, कुठला देऊ? मी म्हणलं, संध्याकाळचा. आई तिकडं पंख्याखाली बसलेली. तिला येऊन सांगितलं, एवढाच शिल्लक हाय. माझं सकाळचं तास, मावशी. कॉलेजबी सकाळचं, त्याच्या आधी आमच्याच वरच्या खोलीत बारावीच्या पोरांचा जादा वर्ग. डिसेंबर. परीक्षा तोंडावर. पोरांच्या आईबापांचं फोन. प्रिन्सिपल म्हणतोय रजा न्हाई. धाकटा जिनेश साताऱ्यात, एमआयडीसीत, रविवारी फोन करून म्हणतोय, दादा, तू हाईस म्हणून मला काळजी न्हाई. तुला न्हाई, बरं झालं बाबा. मला वाटलं, उगं कशाला एवढं, येळेवर नियम काय न् काय, समजावू कसंतरी. अन् समजावलं. एका ओळीत समजावलं. लय हुशार वाटलं मला तवा.

न्हाई, घरी कुणाला म्हाईत न्हाई. ब्राह्मीलाबी न्हाई. तुमालाच पहिल्यांदा सांगतोय, अन् का सांगतोय तेबी कळंना.

तर आता झालंय काय — वीस दिवस झालं, शेवटचं पाच ऱ्हायलं. अन् ह्या पाच दिवसांत मशीन तेच, पर त्यातनं येणार दुसरंच. फोटॉन न्हाई. इलेक्ट्रॉन. जिथं टाकं घातल्यात न्हवं, त्या वणावर वरच्यावर द्यायचं असतंय. फोटॉन खोल जातोय, पार होऊन पाठीतनं बाहेर पडतोय. इलेक्ट्रॉन दोन-तीन सेंटिमीटर गेला की थांबतोय. आतच. अन् इलेक्ट्रॉनला वजन असतंय, मावशी. हाय. किलोमध्ये लिहायचं तर शून्य, टिंब, मग तीस शून्यं, अन् मग कुठं नऊ-एक. सगळ्या सांगली जिल्ह्यातलं तराजू एकावर एक रचलं तरी त्याचं वजन व्हायचं न्हाई. पर हाय. मी सांगितलेल्या व्याख्येनं बघितलं तर ते अंगात जातंय, अन् अंगात ऱ्हातंय. माझीच व्याख्या.

मी काय बोललो नसतो. गप्प बसलो असतो, पाच दिवस काढलं असतं. पर हितं ती चष्म्याची पोरगी हाय न्हवं, मशीनचा हिशेब मांडणारी — प्रियदर्शनी. माझीच विद्यार्थिनी. आमच्या आष्ट्याचीच. लय गुणाची, भेटली की खाली वाकून पाया पडती. काल तिनं आईला मायेनं सांगितलं, आजी, उद्यापासून इलेक्ट्रॉन बरं का, आता टाक्यांपुरतंच, सगळीकडं न्हाई. आईनं तिला इचारलं, त्याला वजन असतंय का गं? पोरगी हसून म्हणती, असतंय की आजी, एवढुस्सं! सरांनीच शिकवलंय आमाला. — बरोबर उत्तर. पैकीच्या पैकी मार्क.

मग बस. अंकली गेलं, सांगली गेलं, आई खिडकीबाहेर बघत बसली. घरी आल्यावर पाय धुतलं, देवापुढं बसली, उठली, अन् म्हणली, भरतेश, उद्यापासून मी येत न्हाई. वीस झालं, बास झालं. दिवस मावळायच्या आत असतं तर घेतलं असतं.

अन् मला काय वाटलं ठाऊक हाय?

बरं वाटलं. व्हय. बघताय काय तोंडाकडं? बरं वाटलं मला. वाटलं, चला, उद्या साडेतीनची बस न्हाई. पार्किंगमध्ये पेपर तपासणं न्हाई. आडनावं पुकारत्यात तिकडं कान लावून बसणं न्हाई. घरी जाऊन, कॉटवर पडून, छताकडं बघत ऱ्हायचं. एवढं आलं मनात. अन् मग कळलं काय आलं ते. ब्राह्मी म्हणली, काय झालं? काय सांगू तिला? आईनं नको म्हणल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू? डॉक्टरनं साफ सांगितलंय, हे पाच सोडलं तर तिथंच परत निघायचा धोका हाय. मला ते म्हाईत हाय, तरी बरं वाटलं. एवढा दमलोय मी, मावशी. माणूस एवढा दमावा का?

म्हणून आज सकाळी तिला म्हणलं, तू चल, मी दिवस मावळायच्या आत नंबर लावून देतो. कुणाच्याबी पाया पडतो. त्यावर आलीय ती. आता तुमच्या हातात हाय. तुमी पाच-वीसचा दिला तर सूर्य हाय तवर होऊन जाईल. अन् न्हाई दिला तर ती उठून चालाय लागंल, मी वळखतो तिला.

तेबी एक टेन्शन हाय, वजनाचं. सुरुवातीला सत्तेचाळीस होतं, गेल्या आठवड्यात एकेचाळीस. डॉक्टर मला ओरडला, खायला घालता का न्हाई? घालतो की हो! ब्राह्मी पहाटे उठून करती सगळं. सकाळी घरी जेवण, अन् सांजचा डबा बरोबर, हितं दिवस असतोय तवर खाऊन घ्यायला. रोज नवं काय तर. डबा रोज रिकामा येतोय, चाटून पुसून. खाऊनबी उतरतंय म्हंजे आतनं आजार खातोय, दुसरं काय? आजचं किती भरतंय कोण जाणे. चाळीसच्या खाली गेलं तर थांबवावंच लागंल म्हणलाय त्यो.

काय? — व्हय, ब्राह्मीच्या हाताला चव हाय. सगळेच म्हणत्यात. कांदा न्हाई, लसूण न्हाई, तरी दोडक्याची भाजी आशी करती की —

थांबा.

तुमी कवा खाल्ली दोडक्याची भाजी?

आवं, मान खाली घालू नका. इचारतोय फक्त. आईनं दिली? — एकदा? — रोज? मग ती काय खात होती तवा? — काय न्हाई? म्हंजे वीस दिवस सांजचं काय न्हाई? अन् त्यानंतर सकाळपातूर पाणीबी न्हाई? तुमी इचारलं न्हाई तिला? — इचारलं. मग काय म्हणली? — सावकाश सांगा मावशी, रडू नका, तुमची काय चूक? तुमी वाया जाऊ दिलं न्हाई, चांगलं केलं. काय म्हणली ती? — दिवस मावळल्यावर ज्या दिवशी मशीन घेतलं, त्या दिवशी एकच जेवण. नंतर महाराजांकडनं निरोपबी आणून घेतला? प्रायश्चित्त म्हणून? — कुठल्या दिवसापासनं? पहिल्या?

पहिल्याच दिवसापासनं.

म्हंजे पुस्तक कपाळाला लावलं त्याच दिवशी. डबा तुमच्या हातात दिला, अन् मग आत जाऊन शेकून घेतलं. म्हंजे तिनं मानलंच न्हवतं माझं. एक मिनिटबी न्हाई. मी आपला समजत होतो की समजावलं. अन् — मला का नको सांगू म्हणली? — काय? परत म्हणा. — "त्याला एवढं शिकवायचं असतंय, त्याचं मन मोडंल."

आसं म्हणली.

सहा किलो, मावशी. तीस शून्यं न्हाईत त्यात. मी दर मंगळवारी नर्सनं सांगितलेला आकडा डायरीत लिहीत होतो अन् आजाराला शिव्या देत होतो. माझ्या सकाळच्या तासासाठी सहा किलो गेलं तिचं. नऊचा नंबर होता की! नऊला घेतला असता तर तिला नियम मोडायचा न्हवता, उपास न्हवता, मला पुस्तकावर हात ठेवायचा न्हवता. फोटॉनचं वस्तुमान शून्य का काय ते कुणाला लागत होतं? महिनाभर जादा वर्ग बंद ठेवला असता तर काय आभाळ कोसळणार होतं आष्ट्यात?

न्हाई, आता नंबर देते म्हणू नका. नको. खरंच नको. तुमची सहाची गाडी हाय, काकांना थंडी सोसत न्हाई. अन् आज तुमचा घेतला, उद्या कुणाचा घेऊ? मी त्या खिडकीवर जातो अन् उद्यापासून सकाळचा लावून घेतो. एक दिवस पुढं सरकला तर चालतंय, प्रियदर्शनीच म्हणली. कॉलेजात फोन करतो. रजा दिली तर दिली. न्हाई दिली तरी येणार. पर तिला काय सांगू? अचानक सकाळचा कुठनं आला म्हणंल ती. तिचं डोकं लय चालतंय, लगेच म्हणंल, मग आधी का न्हवता? म्हणंल न्हाई तर काय — आली. आलीच बघा. डोळं पुसा.

ये आई. किती भरलं? — साडेचाळीस. बरं. हितं बस, मावशींच्या शेजारी नको, हिकडं, माझ्याकडं. डबा नको काढू अजून. जेवायचं हाय तुला, सगळं, मी बसणार हाय समोर. मावशींकडं कशाला बघतीस? बघू नको तिकडं. — न्हाई, नंबर मिळाला न्हाई आजचा. आज घरी जायचं. ऐक जरा. त्या इलेक्ट्रॉनला वजन हाय, आई. — व्हय, तुला म्हाईत हाय. ते न्हाईच सांगायचं मला. दुसरं हाय. आपण पहिल्या दिवशी आलो न्हवं, तू त्या पंख्याखाली बसलेलीस अन् मी खिडकीवर गेलो —

मावशी, काकांचं नाव पुकारलं. जावा तुमी. न्हाई, नंतर न्हाई, आत्ता जावा.